बाहुबलानें सागर तरलेली कन्या

संस्कृतांत ‘तॄ’ हा धातु मोठा अर्थगर्भ आहे. ‘तॄ’ म्हणजे तरणें, पार जाणें. याच धातूपासून ‘तीर्थ’ शब्द झाला, यापासूनच ‘तारक’ आणि ‘अवतार’. मराठींत तर ‘तरणें’ या एकाच क्रियापदानें आपण पाण्यावर राहणेंही सांगतों आणि संकटांतून वांचणेंही सांगतों. दुखणेकरी तरला, पीक तरलें, घराणें तरलें, असें म्हणतांना आपल्या नकळत आपल्या मनांत एक नदी असते आणि तिचा पैलतीर असतो. कालिदासासारख्या महाकवीनें रघुवंशाच्या आरंभीं आपली नम्रता प्रकट करितांना लहानशा तराफ्यावरून दुस्तर सागर तरूं पाहणाऱ्या मनुष्याची उपमा स्वतःस दिली आहे. तराफ्यानें समुद्र तरूं पाहणें हा जर मोह, तर ज्याजवळ तराफाही नाहीं, केवळ दोन बाहु आहेत, त्याच्या साहसास काय म्हणावें?

आमच्या या सदरांतून आम्ही बहुधा आपल्या इकडील ग्रंथ, रीतिभाति आणि घरगुती प्रश्न यांविषयींच लिहीत असतों. या खेपेस मात्र वाचकांस थोडें दूर न्यावयाचें आहे. ज्या बाईची हकीकत सांगावयाची, ती अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं जन्मली, तेथेंच वाढली आणि अठ्ठ्याण्णव वर्षांचें दीर्घायुष्य भोगून २००३ सालीं वारली. तिचें नांव गर्ट्रूड एडर्ली. पोहण्याच्या शर्यतींत तिनें पदकें मिळविलीं, इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती जगांतील पहिली स्त्री ठरली, हें पुष्कळांनीं कोठें तरी वाचलें असेल. परंतु त्या पराक्रमाच्या अलीकडे आणि पलीकडे जें आयुष्य आहे, तें आमच्या मतें मुलाबाळांच्या घरांत अधिक विचार करण्याजोगें आहे.

गर्ट्रूडचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजीं झाला. आईबाप दोघेंही जर्मनींतून अमेरिकेंत येऊन राहिलेलीं. बापाचें नांव हेन्री. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागांत त्याचें मांसविक्रीचें दुकान होतें. आमच्या कांहीं वाचकांस हा धंदा वाचून क्षणभर थबकल्यासारखें होईल. परंतु त्यांनीं पुढें वाचावें, कारण बाप कसा असावा याचा एक चांगला धडा याच दुकानदारापाशीं मिळण्यासारखा आहे. घरांत सहा भावंडें, गर्ट्रूड तिसरी. लहानपणीं तिला गोंवर निघाला आणि त्या दुखण्यानें तिच्या कानांस कायमची इजा झाली. पुढें पोहण्याचा नाद लागला, तेव्हां डॉक्टरांनीं बजाविलें कीं, पाण्यानें ऐकूं येणें आणखी कमी होईल. मुलगी ऐकेना. पाण्यावरचें तिचें प्रेम कोणाच्या सांगण्यानें कमी होण्यासारखें नव्हतें.

उन्हाळ्यांत हें कुटुंब न्यूजर्सीच्या किनाऱ्यावरील हायलंड्स या गांवीं जाऊन राही. तेथेंच बापानें मुलीच्या कमरेस दोर बांधला आणि तिला पाण्यांत सोडलें. ही रीत आपणांस मुळींच परकी नाहीं. आपल्या खेडोपाडीं आजोबांनीं, मामांनीं, थोरल्या भावांनीं पोरांच्या कमरेस दोर किंवा पाठीस सुके भोपळे बांधून त्यांस विहिरींत ढकललें, तें याच पद्धतीनें. दोराचें टोंक ज्याच्या हातांत, त्यास दोन गोष्टी कळाव्या लागतात: दोर केव्हां ताणावयाचा आणि केव्हां सैल सोडावयाचा. पहिली गोष्ट प्रेम असलें कीं आपोआप येते. दुसरीस प्रेमाहून अधिक कांहीं लागतें. गर्ट्रूडच्या साऱ्या चरित्राचें मर्म आम्हांस या दोरांत दिसतें.

त्या काळीं अमेरिकेंतसुद्धां मुलींनीं शर्यतींत पोहणें ही गोष्ट नवीन होती. ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या पोहण्याच्या शर्यती १९१२ सालीं स्टॉकहोम येथें प्रथम झाल्या. पण अमेरिकेच्या मुली त्यांत उतरल्या त्या १९२० सालीं, अँटवर्प येथें. मध्यंतरीं १९१७ सालीं शार्लट एपस्टीन नांवाच्या बाईनें न्यूयॉर्कमध्यें स्त्रियांचा पोहण्याचा संघ स्थापन केला. या संघांत लुई हँडली हे गृहस्थ मुलींस शिकवीत. गर्ट्रूड व तिची थोरली बहीण मार्गारेट या दोघी याच संघांत तयार झाल्या. थोरलीनें धाकटीस पुढें ढकलावें आणि धाकटी पुढें गेल्यावर तिच्या मागें उभें राहावें, हा या दोघींचा क्रम अखेरपर्यंत चालला.

हँडली यांनीं जी रीत शिकविली तिच्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. शर्यतींच्या भाषेंत ज्यास ‘फ्रीस्टाइल’ म्हणतात, त्याचा अर्थ इतकाच कीं, ज्यानें त्यानें आपल्या पसंतीच्या रीतीनें पोहावें. परंतु सर्व रीतींत ‘क्रॉल’ ही सर्वांत वेगवान ठरल्यामुळें फ्रीस्टाइल म्हणजे क्रॉल असेंच समीकरण होऊन बसलें आहे. शरीर पाण्याच्या पृष्ठभागाशीं समांतर ठेवावयाचें, तोंड पाण्यांत, एकामागून एक हात डोक्यावरून पुढें टाकावयाचा, पाय मांडीपासून सैल सोडून वरखालीं हालवीत राहावयाचें, आणि मान एका बाजूस वळवून श्वास घ्यावयाचा. हँडली यांनीं पायांची ही हालचाल अधिक जलद व अखंड करण्यावर भर दिला. थोड्या अंतरास ही रीत उत्तम, पण दूरच्या पल्ल्यास ती शरीर थकवील, असें तेव्हांच्या पुष्कळ जाणत्यांचें मत होतें. कॅप्टन मॅथ्यू वेब हा १८७५ सालीं इंग्लिश खाडी प्रथम पोहून गेला, तो बेडकाप्रमाणें हातपाय फांकीत, छातीवर पोहून. त्यास २१ तास ४५ मिनिटें लागलीं होतीं.

१९२२ सालीं, वयाचीं सतरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, गर्ट्रूडनें न्यूयॉर्कजवळच्या समुद्रांत साडेतीन मैलांची शर्यत पन्नासांवर नामांकित पोहणाऱ्या मुलींस मागें टाकून जिंकली. त्याच वर्षीं ब्रायटन बीच येथें एका दुपारीं तिनें निरनिराळ्या अंतरांचे सात विक्रम मोडले. १९२१ ते १९२५ या काळांत राष्ट्रीय व जागतिक मिळून एकोणतीस विक्रम तिच्या नांवावर लागले. १९२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत चौघींनीं आळीपाळीनें पोहावयाच्या ४०० मीटर शर्यतींत तिच्या चमूनें जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेतलें. परंतु १०० मीटर आणि ४०० मीटर फ्रीस्टाइल या दोन्ही स्वतंत्र शर्यतींत ती तिसरी आली. दोन्हींत पहिल्या दोन जागा तिच्याच देशाच्या मुलींनीं पटकाविल्या. जगांत तिसरें येणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. पण जिच्याकडून सर्वांनीं पहिल्या क्रमांकाची अपेक्षा केली, तिला तें अपयशच वाटलें. हुशार म्हणून गाजलेल्या विद्यार्थ्यास दुसऱ्या वर्गांत उत्तीर्ण होणें जसें झोंबतें, तसेंच हें. आम्हीं शाळेंत अशीं कित्येक तोंडें पाहिलीं आहेत. कांहीं मुलें त्या दिवसापासून वही मिटतात, कांहीं अधिक कठीण पुस्तक हातीं घेतात. गर्ट्रूड दुसऱ्या जातीची होती.

जून १९२५ मध्यें ती न्यूयॉर्कच्या बंदरापासून सँडी हूकच्या भूशिरापर्यंत सुमारें बावीस मैल ७ तास ११ मिनिटांत पोहून गेली. त्यानंतर स्त्रियांच्या संघानें तिला इंग्लिश खाडी पोहून जाण्यासाठीं युरोपांत धाडलें.

ही खाडी नकाशावर दिसते तितकी साधी नाहीं. डोव्हरच्या सामुद्रधुनींत फ्रान्स व इंग्लंड यांमधलें सरळ अंतर सुमारें एकवीस मैल आहे. परंतु भरतीओहोटीचा प्रवाह किनाऱ्यास समांतर, एकदां ईशान्येकडे आणि सुमारें सहा तासांनीं उलट नैर्ऋत्येकडे असा वाहतो. पोहणारा समोरच्या तीराकडे हात मारीत असतो आणि पाणी त्यास आडवें नेत असतें. त्यामुळें त्याचा मार्ग नागमोडी होऊन अंतर कितीतरी वाढतें. ऑगस्टमध्येंही पाण्याची उष्णता सोळा-सतरा अंशांच्या आंतबाहेरच. शिवाय नियम असा कीं, पोहणाऱ्यास नावेवरून खाणेंपिणें द्यावें, धीर द्यावा, पण नावेचा वा कोणाच्या हाताचा स्पर्श त्यास होतां कामा नये. स्पर्श झाला कीं प्रयत्न संपला.

१८ ऑगस्ट १९२५ रोजीं गर्ट्रूड प्रथम खाडींत उतरली. तिचा शिक्षक जाबेझ वुल्फ हा होता. यानें स्वतः बावीस वेळां ही खाडी पोहण्याचा यत्न केला होता आणि एकदांही तो पार गेला नव्हता. शिष्या सुमारें पावणेनऊ तास पोहल्यावर ती गुदमरते आहे असें त्यास वाटलें आणि त्यानें सोबत पोहत असलेल्या इशाक हेल्मी या मिसरदेशीय पोहणाऱ्यास तिला धरावयास सांगितलें. हेल्मीचा हात लागला आणि सर्व संपलें. गर्ट्रूडचें म्हणणें अखेरपर्यंत असें होतें कीं, आपण केवळ पाण्यावर विसांवा घेत होतों. कोणाच्याही मदतीची आपणांस गरज नव्हती.

येथें वुल्फला दुष्ट ठरविण्याची घाई आम्ही करणार नाहीं. समुद्र माणसें गिळतो, हें त्यास ठाऊक होतें. कॅप्टन वेब खाडी तरला, पण पुढें १८८३ सालीं नायगाराच्या भोवऱ्यांत बुडून मेला. पोरीचा जीव गेला असता तर तोच जबाबदार धरला गेला असता. पण ज्याचे बावीस प्रयत्न फसले, त्याच्या डोळ्यांस दुसऱ्याच्या विसांव्यांतही बुडणें दिसावें, हें फार स्वाभाविक आहे. आपल्या घरांतही असें होत नाहीं काय? ज्या काकांचा व्यापार बुडाला ते पुतण्यास दुकान घालूं देत नाहींत. ज्या आत्याबाईंचें शिक्षण अर्धवट राहिलें त्या भाचीस परगांवच्या कॉलेजांत धाडण्यास आडव्या येतात. त्यांचा हेतु वाईट असतो असें नाहीं. त्यांस मुलांच्या ठिकाणीं आपलेंच बुडणें दिसत असतें, एवढेंच.

गर्ट्रूड पुढच्याच वर्षीं परत आली. या वेळीं खर्चाचा भार शिकागो व न्यूयॉर्क येथील वृत्तपत्रांनीं उचलला होता. बरोबर बाप होता, बहीण मार्गारेट होती, आणि शिक्षक म्हणून बिल बर्जेस हा होता. वेबनंतर छत्तीस वर्षांनीं, १९११ सालीं, खाडी तरलेला दुसरा पुरुष तो हाच. तोंवर एकंदर पांच जण पार गेले होते आणि ते सर्व पुरुष होते. सर्वांत जलद गेलेल्या तिराबोस्कीस १६ तास ३३ मिनिटें लागलीं होतीं. गर्ट्रूडनें सोबतच्या मंडळींस आधींच निक्षून सांगितलें होतें कीं, मी स्वतः मागितल्याखेरीज मला कोणींही हात लावूं नये. बापानें तें मान्य केलें, आणि पार गेलीस तर तांबड्या रंगाची मोटारगाडी घेऊन देईन असें वचनही दिलें.

दोघी बहिणींची तयारी पाहण्यासारखी होती. अंगभर लांब पोषाख पाण्यांत भरून जड होतो, म्हणून त्यांनीं दोन तुकड्यांचा सुटसुटीत पोषाख स्वतः बेतला. खारें पाणी डोळ्यांत जाऊं नये म्हणून मोटारसायकलवाल्यांचा चष्मा घेऊन त्याच्या कडा वितळलेल्या मेणानें बुजविल्या. थंडीपासून व खाऱ्या पाण्याच्या घर्षणापासून बचाव व्हावा म्हणून सर्वांगास तेल व चरबी यांचे थर चोपडले. मोठीं कामें अशा मेण-चरबीच्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर तरतात.

६ ऑगस्ट १९२६ रोजीं सकाळीं सात वाजून गेल्यावर फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरापासून ती पाण्यांत शिरली. ‘अल्सास’ नांवाची आगबोट सोबत होती. तिच्या कुशीवर तिच्या माणसांनीं बाण काढून ‘इकडून ये’ अशा अर्थाचीं विनोदी अक्षरें रंगविलीं होतीं. बोटीवरचीं माणसें तिला उत्साह यावा म्हणून गाणीं म्हणत. तिला तीं किती ऐकूं येत होतीं कोण जाणे, पण तोंडें हालतांना तर दिसत होतींच. दुपारनंतर हवा बिघडली. वारा सुटला, पाऊस आला, लाटा उसळूं लागल्या. सुमारें बारा तास झाले तेव्हां बर्जेसला वाटलें कीं आतां हिला बाहेर काढावें. इतर मंडळीही कचरली. बोटीवरून कोणी तरी ओरडून तिला बाहेर येण्यास सांगितलें. तेव्हां तिनें पाण्यांतून तोंड वर काढून विचारिलें, “कशासाठीं?” आणि पुन्हा हात मारावयास सुरुवात केली.

गेल्या वर्षीं जेथें वुल्फ होता, तेथें आज बाप आणि बहीण होतीं. त्यांनीं बर्जेसला साफ सांगितलें कीं, तिनें मागितल्यावांचून तिला कोणीं शिवावयाचें नाहीं. वाचकांनीं क्षणभर त्या बापाच्या जागीं उभें राहून पाहावें. अंधार पडत चाललेला, समुद्र खवळलेला, पोटची मुलगी पाण्यांत, आणि हात पुढें केला कीं ती पोहोंचते एवढ्या अंतरावर. हात पुढें करणें किती सोपें होतें! जगानें त्यास दोष दिला नसता. हात आंखडून ठेवणें हेंच कठीण होतें, आणि तें त्यानें केलें.

रात्रीं साडेनऊच्या पुढें इंग्लंडमधील किंग्सडाऊनच्या किनाऱ्यास तिचे पाय लागले. तिला सुमारें साडेचौदा तास लागले होते. म्हणजे कोणत्याही पुरुषापेक्षां जवळजवळ दोन तास कमी. प्रवाहांमुळें तिला एकवीसच्या ठिकाणीं सुमारें पस्तीस मैल पोहावें लागलें, असा अंदाज तेव्हां करण्यांत आला. किनाऱ्यावर लोकांनीं शेकोट्या पेटविल्या होत्या. सांगतात कीं, पाण्यांतून बाहेर येतांच एका सरकारी अंमलदारानें तिच्याकडे परदेशगमनाचा परवाना मागितला! सरकारी खातें कोणत्याही देशाचें असो, तें आपलें कर्तव्य विसरत नाहीं. जी रीत दूरच्या पल्ल्यास निरुपयोगी म्हणत, त्याच क्रॉलनें ती अथपासून इतिपर्यंत पोहली होती. शारीरिक सामर्थ्याच्या कामीं स्त्रिया सदा मागेंच राहणार असें लिहिणाऱ्या लेखण्या तेव्हां थोड्या नव्हत्या. त्यांस उत्तर मिळालें, तेंही वादविवादावांचून.

२७ ऑगस्ट रोजीं न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून तिची मिरवणूक निघाली. वीस लाख लोक लोटले असा त्या वेळचा अंदाज आहे. वीस वर्षांची मुलगी, डोक्यावर कागदी फुलांचा वर्षाव, दाराशीं नाटक-सिनेमावाले हात जोडून उभे! कथा येथें संपविली तर ती बालबोध पुस्तकांत घालण्याजोगी होईल. परंतु आम्हांस ती येथें संपवावयाची नाहीं.

तिचा विक्रम चोवीस दिवस टिकला. ऑगस्ट संपण्यापूर्वींच मिली गेड कॉर्सन ही दोन मुलांची आई खाडी तरून गेली, आणि ३० ऑगस्ट रोजीं अर्न्स्ट फिअरकोटर या जर्मनानें पावणेतेरा तासांच्या आंत ती तरून गर्ट्रूडला मागें टाकलें. स्त्रियांतील तिचा विक्रम मात्र १९५० पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षीं फ्लोरेन्स चॅडविक हिनें साडेतेरा तासांच्या आंत तो मोडला. पराक्रमानंतर गर्ट्रूड आधीं जर्मनींत आपल्या आजीस भेटावयास गेली होती; ती परत येईपर्यंत लोकांचें कुतूहल विभागलें गेलें आणि पुष्कळशीं मोठमोठीं आमंत्रणें विरून गेलीं. पुढें ती गांवोगांव रंगभूमीवर पाण्याच्या हौदांत पोहून दाखवूं लागली. १९२७ सालीं एका चित्रपटांतही दिसली. ही दगदग तिला सोसली नाहीं. १९२८ च्या सुमारास तिची प्रकृति व मन दोन्हीं ढांसळलीं. खाडीनंतर कानही अधिकच बिघडले होते. हळूहळू ती पूर्ण बहिरी झाली.

१९३३ सालीं दैवानें आणखी एक घाव घातला. जिन्याच्या मोडक्या पायरीवरून पाय घसरून ती पडली आणि पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. कित्येक वर्षें अंगास प्लास्टरचें वेष्टण. पुन्हा चालतां यावयाचें नाहीं, मग पोहण्याची गोष्टच सोडा, असें तिला सांगण्यांत आलें. ज्या शरीरानें समुद्रास हार जाऊं दिली नाहीं, तें घरच्या एका पायरीनें आडवें केलें! परंतु १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांतील जलक्रीडांत हीच बाई पुन्हा लोकांसमोर पोहली. या वेळीं वीस लाखांची मिरवणूक नव्हती, विक्रमही नव्हता. तरी आम्हांस विचाराल तर १९२६ च्या पोहण्यापेक्षां हें पोहणें आम्ही वरचें मानूं. पहिल्या वेळीं पैलतीर साडेचौदा तासांवर होता. या वेळीं तो सहा वर्षांवर होता, आणि कोणत्या दिशेस आहे हेंही दिसत नव्हतें.

यानंतरचें गर्ट्रूडबाईंचें आयुष्य शांत आहे. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं विमानतळावर विमानांचीं उपकरणें तपासण्याचें काम केलें. त्या अविवाहित राहिल्या. न्यूयॉर्कमधील लेक्सिंग्टन बधिर विद्यालयांतील मुलांस त्यांनीं पोहावयास शिकविलें. ज्या व्यंगाची भीति घालून त्यांस पाण्यापासून दूर ठेवूं पाहिलें होतें, त्याच व्यंगाचीं मुलें त्यांनीं पाण्यांत उतरविलीं. शिक्षकाचा धंदा केलेल्या आम्हांस ही गोष्ट साऱ्या पदकांहून मोलाची वाटते. त्या मुलांस हांका मारून शिकवितां येत नाहीं. हातानें, डोळ्यानें, स्वतः पाण्यांत उतरून दाखवावें लागतें. बहिऱ्या बाईंहून अधिक योग्य गुरु त्यांस कोठून मिळणार? ३० नोव्हेंबर २००३ रोजीं न्यूजर्सींत त्यांचें देहावसान झालें. त्यांच्यावर २०२४ सालीं एक चित्रपट निघाला, त्यामुळें नव्या पिढीसही हें नांव ठाऊक झालें आहे.

आपल्या देशाचाही या खाडीशीं संबंध आहे. १९५८ सालीं मिहिर सेन ती तरून गेले. कलकत्त्याची आरती साहा ही ऑगस्ट १९५९ मध्यें किनारा जवळ आला असतां प्रवाहापुढें हरली. परंतु घरीं न परततां २९ सप्टेंबर १९५९ रोजीं ती पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत पार झाली. खाडी तरणारी ती आशिया खंडांतील पहिली स्त्री. आणि १९८० नंतरच्या दशकांत मुंबईचे तारानाथ शेणॉय, ज्यांस ऐकूं येत नव्हतें व ज्यांची दृष्टिही अधू होती, तेही हीच खाडी तरले. बहिऱ्या माणसास समुद्रांत काय करतां येतें, याचें उत्तर आतां आपल्या घरांतही आहे.

या हकीकतींतून घरच्या माणसांनीं काय घ्यावें? एक गोष्ट अगदीं साधी. गोंवर हा ‘देवी आली, जाईल’ म्हणून सोडून देण्याचा रोग नव्हे; तो कान, डोळे आणि प्रसंगीं प्राणही घेतो. आतां त्यावर लस आहे. मूल नऊ महिन्यांचें झाल्यावर एकदां आणि दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा ती टोचून घेण्यांत हयगय करूं नये. दुसरी गोष्ट, घरांत एखादें मूल कमी ऐकत असेल तर त्याची लाज धरून त्यास माजघरांत लपवूं नये. तपासणी लवकर करावी, आणि ‘याला काय जमणार’ हें वाक्य त्याच्यादेखत, कानानें वा ओठांच्या हालचालीनें कळेल असें, उच्चारूं नये. तिसरी गोष्ट, मुलांबरोबर मुलींसही जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं पोहावयास शिकवावें. ज्यास पोहतां येत नाहीं त्याचे प्राण घेण्यास गांवची लहानशी नदीही पुरते.

आणि शेवटची गोष्ट आमच्या वयाच्या मंडळींसाठीं. मुलांस हात केव्हां द्यावयाचा, याचा नियम पुस्तकांत सांपडत नाहीं. पण हेन्री एडर्लीच्या वागण्यांतून तो थोडासा उमगतो. त्यानें मुलीस आंधळेपणानें समुद्रांत लोटलें नाहीं. लहानपणीं स्वतः दोर धरून शिकविलें, चांगला शिक्षक दिला, सोबत बोट घेतली, आणि मदत मागितलीस तर मिळेल हें हवा शांत असतांनाच ठरवून टाकलें. एवढें केल्यावर वादळ उठलें तेव्हां दिलेला शब्द त्यानें आपल्या भीतीपायीं मोडला नाहीं. तो बोटीवरून निघून गेला नाहीं, आणि त्यानें हातही लावला नाहीं. तिला दिसेल असा तेथेंच उभा राहिला. ज्यांच्या घरांत यंदा कोणी परगांवीं शिकावयास निघालें असेल, कोणी नवा धंदा मांडीत असेल, किंवा एखादी मुलगी घराण्यांत पूर्वीं कोणीं न केलेलें कांहीं करूं म्हणत असेल, त्यांनीं ही बोट एकदां डोळ्यांपुढें आणावी आणि मग काय तें ठरवावें, इतकी विनंती करून या महिन्याचें लेखन पुरें करितों.